पाळणाघरातील आजची दुपार
राजारामपुरीतील पाळणाघरात प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू होऊन आज तीन आठवडे झाले. शाळेआधीचा वेळ डबे, वेण्या आणि रिक्षावाल्या काकांच्या हाकांत संपतो. खरे शिकणे घडते ते शाळा सुटल्यानंतर. आज चार मुले रिकामे खोके आणि जुन्या ओढण्या घेऊन पन्हाळगड उभारत होती. तटबंदी तिसऱ्यांदा कोसळली, तेव्हा ती सावरायला मी नकळत पुढे झाले, ताईंनी मला हलकेच थांबवले आणि म्हणाल्या, "कुणाला लागणार नाही ना? मग थांब. त्यांनी बोलावले तर जा." आठवडाभर कोपऱ्यात बसणाऱ्या एका सहा वर्षांच्या मुलीने खालच्या खोक्यांत जुन्या मासिकांचे गठ्ठे भरले आणि भिंत उभी राहिली.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील कलम ३१ मुलांचा खेळण्याचा हक्क मान्य करते आणि भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली, हे मी वाचले होते. पण तो हक्क मोठ्यांच्या मदतीनेही हिरावला जाऊ शकतो, हे आज उमगले. (या वेळेत शिकवणी घ्या म्हणणाऱ्या पालकांना हे कसे सांगावे, याचा विचार अजून चालू आहे.)

सायंकाळी आई न्यायला आली, तेव्हा ती मुलगी गड सोडायला तयार नव्हती. आम्ही तो उद्यासाठी तसाच ठेवला आहे.