मॅपवर उजवीकडे, प्रत्यक्षात डावीकडे

आमच्याकडे प्रायव्हेट पायलट लायसन्ससाठी शिकायला येणारे एक भाऊ आहेत, रावेरकडचे, घरचा केळीचा धंदा. सातपुडा आणि तापीच्या मधेच वाढलेला माणूस, त्यामुळे या भागात रस्ता चुकणं शक्यच नाही असं कुणालाही वाटेल. मलाही तसंच वाटायचं.

मे महिना होता. रूट जळगाव, अमळनेर, धुळे. सेसना १७२ हे छोटं विमान, समोर गार्मिनचा जी१०००, म्हणजे मोठ्या स्क्रीनवर हलता नकाशा. भाऊंना तो नकाशा एकदम स्वच्छ लागतो, म्हणून त्यांनी डिक्लटरचं, म्हणजे नकाशावरची माहिती कमी करायचं, बटण दाबत दाबत शेवटच्या लेव्हलला नेऊन ठेवलं होतं. पहिल्या लेव्हलला जमिनीवरची माहिती जाते, दुसऱ्याला स्पेशल एअरस्पेसच्या, म्हणजे उडायला निर्बंध असलेल्या भागांच्या, हद्दीही जातात आणि तिसऱ्याला चालू फ्लाइट प्लॅन सोडून सगळंच गायब. म्हणजे नदी नाही, गावं नाहीत, सुरतेची रेल्वे लाइन नाही, फक्त आमच्या मार्गाची एक गुलाबी रेघ! नकाशा नॉर्थ-अप, म्हणजे उत्तर कायम वर. शिवाय ऑटो झूम चालू. हे ऑटो झूम मला नवशिक्यासाठी अजिबात आवडत नाही, कारण पुढचा पॉइंट जवळ येतो तसा स्केल आपोआप बदलतो, मग स्क्रीनवर अंतर जेवढ्यास तेवढंच दिसतं आणि किती राहिलं याचा अंदाज येत नाही. मी हे सगळं बघत होतो, पण बाहेर दिसत होतं तोवर त्यांना त्यांच्या सेटिंगने उडू दिलं, त्याशिवाय त्यात काय अडतं ते कळत नाही.

अमळनेर ओलांडून धुळ्याकडे वळलो, नाक नैऋत्येला, आणि समोर पश्चिमेकडून मातकट भिंत उठलेली दिसली, धुळीचं वादळ. बघता बघता उजवीकडचं क्षितिज पुसलं गेलं. मी म्हटलं, भाऊ, परत जळगाव. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, आलो ती रेघ विमानाच्या चित्राच्या उजव्या बाजूला जात होती, त्यांनी सरळ उजवीकडे वळायला सुरुवात केली, म्हणजे वादळाकडेच.

नैऋत्येला जाताना पूर्व आपल्या डाव्या हाताला असते, पण नॉर्थ-अप नकाशावर ती उजवीकडेच दिसणार. निवांत बसून कुणालाही हे कळतं. घाबरलेल्या माणसाला स्क्रीनवरचं उजवं म्हणजे आपलं उजवं वाटतं. मी कंट्रोल घेतला, डावीकडून वळवलं, आणि भाऊ एकदम अहिराणीत म्हणाले, "तापी कोठे शे सर?" इतका वेळ आमचं सगळं बोलणं मराठीत चाललेलं.

मी म्हटलं आधी डिक्लटर काढा. काढलं. ऑटो झूम बंद, रेंज २० मैल, नकाशा ट्रॅक-अप म्हणजे आपण जातोय ती दिशा वर. लगेच चित्र बसलं: डाव्या हाताला सुरत लाइन, तिच्या पलीकडे तापी, त्याच्याही पलीकडे सातपुडा, बाहेर बघितलं तर रूळही डावीकडेच. चेहरा सुटला त्यांचा. कंट्रोल परत दिला, जळगावला रेडिओवर येतोय म्हणून सांगितलं. उतरताना स्क्रीनवर पिवळा रंग पसरला तेव्हा परत दचकले, पण तो रंग फक्त एवढंच सांगतो की जमीन आता हजार फुटांच्या आत आहे, शंभर फुटांच्या आत आली की लाल, उतरणाऱ्या विमानाला हे दिसणारच. आणि यासाठी विमानाची उंची जीपीएसवरून घेतलेली असते, आपण अल्टिमीटरला, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या यंत्राला, घातलेल्या दाबावरून नाही, हे खूप जणांना माहीत नसतं.

जुने पायलट म्हणतात नॉर्थ-अपच ठेवा, कागदी नकाशाची सवय राहते. प्लॅनिंगला मलाही तेच पटतं. पण ज्याचे उडण्याचे तास अजून कमी आहेत आणि अचानक मागे फिरायची वेळ आली आहे त्याला ट्रॅक-अपच द्यावा असं माझं ठाम मत आहे, आणि डिक्लटर फार तर पहिल्या लेव्हलपर्यंत.

आता इंजिन सुरू करायच्या आधी मी प्रत्येकाला नकाशाची सेटिंग मोठ्याने बोलायला लावतो, दिशा, स्केल, डिक्लटर. मग हवेत मधेच स्क्रीन हाताने झाकतो आणि विचारतो, सातपुडा कुठल्या हाताला? भाऊ हल्ली मी झाकायच्या आधीच सांगतात.