देमेत्रे राजा पळून का गेला नाही?

जॉर्जियातल्या म्त्सखेता गावात आमचा मुक्काम आटोपशीर असतो. स्वेतित्सखोवेली कॅथीड्रल बघायचं, फोटो काढायचे, चर्चखेला (सुकामेव्याची तिथली मिठाई) घ्यायचं की बस गुदाउरीच्या रस्त्याला. टूर मॅनेजर म्हणून मराठी मंडळींना मी नेहमी इथे आणतो. त्या दिवशी मात्र जॉर्जियाचा जुना राजा देमेत्रे दुसरा याचा विषय निघाला आणि कुणी बसकडे वळेना.

तेराव्या शतकात जॉर्जियाचे राजे इराणच्या मंगोल इलखानांचे मांडलिक होते. खंडणी द्यायची, वर त्यांच्या लढायांत फौजही न्यायची. देमेत्रेच्या आईला, राणी ग्वांत्साला, मंगोलांनीच ठार केलं होतं. तरी 1281 साली सीरियात होम्सला तो त्यांच्या बाजूने लढला. मुलगी दिली इलखान अर्घूनचा बडा कारभारी बुका याच्या घरात. बुकाचा कट फुटला, तो मारला गेला आणि संशय व्याह्यावर आला. अर्घूनने देमेत्रेला बोलावून घेतलं.

"एवढे डोंगर आहेत, पळून का नाही गेला?" एका काकूंनी विचारलं. दरबाऱ्यांचाही सल्ला तोच होता. पश्चिम जॉर्जियात तर मंगोलांची सत्ता चालत नव्हती, तिथे चुलतघराण्यातला दावीद नारीन राज्य करत होता. पण राजा निसटला असता तर मंगोल फौजेने गावंच्या गावं कापून काढली असती. देमेत्रे गेला. 12 मार्च 1289 रोजी त्याचा शिरच्छेद झाला. त्याचं दफन म्त्सखेतातच झालं.

"म्हणजे आपले शंभूराजेच की!" एक काका म्हणाले. 11 मार्च 1689. चारशे वर्षांत एक दिवस कमी. माझ्याही अंगावर काटा आला. तरी मी त्यांना म्हटलं, काका, शंभूराजे गादीवर आल्यापासून औरंगजेबाशी झुंजले आणि पकडले गेले. हा मांडलिक होता, स्वतःच्या पायांनी चालत गेला. दोघांना एकाच मापाने मोजलं तर दोघांवरही अन्याय होतो.

जॉर्जियन चर्च त्याला संत मानतं. पण एकाच वेळी तीन बायका केल्या म्हणून धर्मगुरूंनी त्याच्यावर कोरडे ओढले होते, हेही मी सांगतो. काकूंना ते रुचलं नाही. मला मात्र असा, तडजोडी करत जगलेला राजाच जास्त जवळचा वाटतो. शेवटची तडजोड त्याने केली नाही.

"आणि मुलांचं काय झालं?" काकूंचा पुढचा प्रश्न तयारच होता. धाकटा गिओर्गी सामत्स्खेला आजोळी वाढला आणि चौदाव्या शतकात त्यानेच मंगोलांचं जोखड झुगारलं. ती हकीकत बसमध्ये माईकवर सुरू केली, ती अनानुरीचा किल्ला दिसेपर्यंत चालली.