पुसेगावच्या यात्रेतली सोरट आणि स्लॉट मशीनचं पोट

सातारा स्टँडवरून कोरेगावकडं सुटलेली एसटी वर्धनगडाची खिंड ओलांडून खाली उतरली की थोड्याच वेळात पुसेगाव येतं. सेवागिरी महाराजांची यात्रा ऐन थंडीतली. रथाच्या दिवशी गाड्या गावाबाहेरच थांबतात, पुढं चालतच जायचं. भाविक रथाला नोटांच्या माळा लावतात, त्यामुळं लांबून रथ नोटांचाच वाटतो. खिलार जनावरांचा बाजार बघायचा तर सकाळी लवकर गाठावा, नंतर धुळीनं काही दिसत नाही. कुस्त्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्ही रेंगाळलो ते पाळण्यांच्या पलीकडं, खेळण्यांच्या रांगेत, सोरटीच्या पुठ्ठ्यापाशी.

पुठ्ठ्यावर चिठ्ठ्यांच्या घड्या चिकटवलेल्या असतात. पैसे द्यायचे, एक घडी फाडायची, आतल्या आकड्याची वस्तू घ्यायची: कंगवा, शिट्टी, पेन, आणि मधोमध टांगलेला स्टीलचा डबा. समजा चिठ्ठ्या शंभर, दर दहा रुपये. पुठ्ठा संपला की हजार जमतात. माल चारशेचा टांगला असेल तर सहाशे मालकाचे. यात चोरून ठेवण्यासारखं काही नाही, दोन मिनिटं उभं राहून मोजता येतं. तयारीची पोरं म्हणूनच आधी पैसे काढत नाहीत. सत्तर चिठ्ठ्या फाटल्या आणि डबा अजून वरच असला, तर डब्याची शक्यता शंभरात एकवरून तिसात एकवर आलेली असते. फाटलेली चिठ्ठी पुठ्ठ्यावर परत जात नाही, सगळं गणित यावर.

खोट निघते ती एकाच ठिकाणी. डब्याची चिठ्ठी मुळात चिकटवलेलीच नसते, मालकाच्या खिशात असते. शेवटच्या दहा चिठ्ठ्या एकदम घ्यायची तयारी दाखवा. सरळ माणूस शंभर रुपये घेऊन पुठ्ठा पुढं करतो. लबाडाला नेमका तेव्हाच नवा पुठ्ठा लावायचा असतो.

स्लॉट मशीन म्हणजे नाणं टाकून चिन्हांची चाकं फिरवायचं जुगाराचं यंत्र. त्याच्यासमोर बसणारा हेच सोरटीचं डोकं घेऊन बसतो. ‘सकाळपासून कुणाला लागलं नाही, आता मशीन देणारच.’ तिथं मात्र प्रत्येक डावाला शंभरच्या शंभर चिठ्ठ्या पुन्हा लागलेल्या असतात. मशीनला मागचं काही आठवत नाही.

मजा अशी, की सुरुवातीची यंत्रं सोरटीसारखीच मोजता यायची. १८९१ मध्ये ब्रुकलिनच्या सिटमन आणि पिट यांनी पाच फिरत्या दंडगोलांवर पन्नास पत्ते लावून पोकर या पत्त्यांच्या जुगाराचं यंत्र केलं. बक्षीस गुत्त्याचा मालक द्यायचा, बिअर नाहीतर सिगार. पत्त्यांच्या जुळण्या इतक्या, की पैसे आपोआप मोजून देणारी यंत्रणा बसवणं अवघड. सॅन फ्रान्सिस्कोच्या चार्ल्स फे यानं शतकाच्या अखेरीस चाकं तीनवर आणली, चिन्हं पाचच ठेवली: नाल, चौकट, इस्पिक, बदाम आणि तडा गेलेली घंटा. ही ‘लिबर्टी बेल’. चाकाला थांबे, म्हणजे थांबायच्या जागा, दहा; म्हणून १० × १० × १० = १००० जुळण्या. तीन घंटा आल्या की पन्नास सेंट.

आत वीज नाही. नाणं पडलं की दांड्याचा अडसर सुटतो. दांडा ओढला की स्प्रिंग ताणते आणि सुटताना तिन्ही चाकांना हिसका देते. घड्याळासारखी एक पंख्याची यंत्रणा वेळ मोजते आणि डावीकडून एकेक खटका चाकाच्या खाचेत पाडते. मग लोखंडी बोटं चाकांच्या तबकड्यांवर टेकतात. तिन्ही बोटांना भोक सापडलं, तर खालची पट्टी सरकून नळीतली नाणी सुटतात. त्रास दोन प्रकारचा. एक, दोऱ्याला बांधून परत ओढलेलं नाणं. दुसरा जास्त मजेचा: पंखा फारच नियमित चालायचा, म्हणून १९४० च्या दशकाच्या अखेरीस काही खेळाडू ताल मोजून दांडा ओढत आणि हवं ते चिन्ह आणत. कारखान्यांना पंख्याची गती मुद्दाम अनियमित करावी लागली.

१९६३ मध्ये बॅली कंपनीच्या ‘मनी हनी’ या यंत्रानं विजेवर चालणारी चाकं आणि एका दमात ५०० नाणी देणारं पिंप आणलं. पण मोठी अडचण राहिलीच. चाकावर २२ थांबे असतील तर जुळण्या १०,६४८. यापेक्षा दुर्मीळ बक्षीस ठेवताच येत नाही, म्हणून रक्कमही फार मोठी ठेवता येत नाही. १९८४ मध्ये इंगे टेल्नेसला मिळालेल्या पेटंटनं ही अडचण सोडवली आणि आमच्या मते खेळ तिथंच बदलला. दिसणारं चाक २२ थांब्यांचंच, पण आत एक ते ६४ आकड्यांचं न दिसणारं चाक. ‘सात’साठी त्यातला एकच आकडा, तर सातच्या लगत वर-खाली असलेल्या कोऱ्या जागांना पाच-सहा आकडे. तीन साती २,६२,१४४ डावांत सरासरी एकदा. सात जराशी वर-खाली थांबून ‘थोडक्यात हुकलं’ असं मात्र वरचेवर वाटतं. आता काचेतून चाक मोजून काही कळत नाही.

हे आकडे तयार करणारा प्रोग्रॅम यंत्रातल्या चिपवर असतो आणि कुणी खेळत नसतानाही चालूच असतो. बटण दाबलं त्या क्षणीचे आकडे उचलले जातात, चाकं नंतर फक्त ते दाखवतात. तुम्ही उठलात आणि शेजारच्याला लागलं, तर ते तुमचं नव्हतंच; तुमच्या बोटाचा क्षण वेगळा पडला असता. चिपच बदलली तर गोष्ट निराळी. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या जुगार नियंत्रण मंडळातला रॉन हॅरिस चिपा तपासण्याच्या उपकरणातूनच त्यात बदल घुसवायचा. ठरावीक क्रमानं नाणी टाकली की यंत्र पैसे देई. १९९५ मध्ये तो पकडला गेला.

आपल्याकडं कॅसिनोंना परवाने देणारा महाराष्ट्राचा कायदा १९७६ चा. तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. त्यामुळं सातारा-कराडची मंडळी ही यंत्रं बघतात ती पणजीच्या कॅसिनोत. तिथं बसायचंच तर परताव्याचा टक्का, म्हणजे लावलेल्या शंभरातले सरासरी किती परत मिळतात, ते विचारावं. नेवाडात कायद्यानं तो किमान ७५ ठेवावा लागतो. हिशेब असा: दहा रुपयांचा डाव, तासाला सहाशे डाव, परतावा ९० टक्के, तर तासाला सरासरी सहाशे रुपये जातात, ७५ टक्के असला तर पंधराशे. टक्का आपल्या हातात नसतो, डावांचा वेग असतो. तासाला दोनशेच डाव खेळलात तर हेच आकडे दोनशे आणि पाचशेवर येतात.