फाल्गुनरावाची तसबीर आणि एपिसोडचा शेवटचा शॉट

हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं 'संशयकल्लोळ' १९१६ साली संगीत रूपात रंगभूमीवर आलं. त्यात रेवतीला रस्त्यात भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, आणि त्याची बायको कृत्तिका नेमकं तेवढंच लांबून बघते. रेवतीजवळची तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची, तसबीर खाली पडलेली असते. ती कृत्तिकेला सापडते, ती न्याहाळत उभी राहते, आणि आता नेमकं तेवढंच फाल्गुनरावाच्या नजरेस पडतं. दोघांनी जे पाहिलं ते खरोखरच घडलेलं असतं. त्याच्या आधीचं अर्धं मिनिट मात्र दोघांनीही पाहिलेलं नसतं.

नाटकात ते अर्धं मिनिट प्रेक्षकाला दाखवलेलं असतं, म्हणून आपण हसतो. मालिकेत तेच अर्धं मिनिट आपल्यापासून काढून घेतात आणि फाल्गुनराव होण्याची पाळी आपल्यावर येते. मग सांगलीच्या एका घरात सासू म्हणते 'त्यानंच ढकललं', सून म्हणते 'ती पाय घसरून पडली', आणि सकाळी मोबाईलवर बातमी येते की अमुक अभिनेत्रीची मालिकेतून एक्झिट. तिघंही आपापल्या जागी ठाम असतात. माझ्या मते या भांडणाचं खरं कारण साधं आहे: तिघांनी एकच दृश्य पाहिलेलंच नसतं.

आधी एक फरक. संदिग्ध दृश्य आणि गोंधळलेलं दृश्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या काव्यशास्त्राने हा फरक फार पूर्वी ओळखला होता. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वनी म्हणजे सूचित अर्थ हा काव्याचा आत्मा मानला, आणि त्याच परंपरेत मम्मटाने 'संदिग्ध' हा दोषांमध्ये मोजला. न सांगता सुचवणं हे कसब. काय सांगायचं ते नीट न सांगता येणं हा दोष. मालिकेत दोन्ही सापडतात आणि दोन्हीला आपण सरसकट 'ओपन एंडिंग' म्हणून मोकळे होतो.

कसब कुठे असतं ते एका नेहमीच्या दृश्यावरून बघू. मळ्यातली विहीर. वहिनी काठावर वाकून पोहरा ओढते आहे. मागे दीर येऊन थांबतो. त्याचा चेहरा, क्लोज-अप. रहाटाचं करकरणं थांबतं. पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज. पुन्हा दिराचा चेहरा, डोळे विस्फारलेले. एपिसोड संपला. या सहा तुकड्यांत खून नाही, अपघात नाही, वहिनीचं पडणंसुद्धा नाही. आवाज पोहऱ्याचाही असू शकतो. पडणं आपण जोडतो, कारण चेहरा-वस्तू-चेहरा असे तीन शॉट ओळीने लागले की मन आपसूक त्यांच्यात नातं लावतं. लेव कुलेशोव या रशियन दिग्दर्शकाचा शंभर वर्षांपूर्वीचा प्रयोग प्रसिद्धच आहे: एकाच निर्विकार चेहऱ्यानंतर कधी सूपची वाटी, कधी शवपेटी दाखवली, आणि लोकांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी शोक.

आता दिराचा तो शेवटचा क्लोज-अप किती वेळ धरलाय ते बघा. आपल्याकडे टीव्हीचं चित्र सेकंदाला २५ फ्रेमने चालतं. एक सेकंदाचा शॉट असेल तर चेहऱ्यावर फक्त धक्का वाचता येतो. तोच शॉट तीन-चार सेकंद धरला की धक्का ओसरतो आणि त्याखालचं काहीतरी वर येतं: सुटका, भीती, अपराधाची जाणीव, ज्याला जे वाटेल ते. एडिटरने वाढवलेल्या त्या पन्नास-साठ फ्रेममधून प्रेक्षकांचे दोन तट पडतात. त्यावर चढवलेलं बॅकग्राउंड म्युझिक हा तिसरा घटक. तंबोऱ्यासारखा एकच सूर लावला तर प्रश्न उघडा राहतो. तोच खलनायकाची ठरलेली धून वाजवली तर उत्तर देऊन टाकलं. म्हणून असं दृश्य पहिल्यांदा आवाज बंद करून बघावं आणि दुसऱ्यांदा डोळे मिटून ऐकावं. दोन्ही वेळा निष्कर्ष बदलला, तर दृश्य खरंच संदिग्ध आहे. फक्त आवाजाने बदलला, तर संशय कथेत नाही, धुनेत आहे.

जगभर या विषयात सर्वांत जास्त उगाळलं गेलेलं दृश्य 'द सोप्रानोज' या अमेरिकन मालिकेचं. १० जून २००७ ला शेवटचा भाग लागला. टोनी सोप्रानो हा गुंडांचा म्होरक्या हॉटेलात बसलाय. दाराची घंटी वाजते, तो वर बघतो, मग आपल्याला दार दिसतं, त्याच्या नजरेतून. हे पुन्हा पुन्हा होतं. बायको येते, मुलगा येतो, एक अनोळखी माणूस येऊन पुढे स्वच्छतागृहाकडे जातो. मुलगी बाहेर गाडी लावायची खटपट करते आहे. शेवटी घंटी वाजते, टोनी वर बघतो, आणि पडदा काळा. गाणं मध्येच तुटतं. सुमारे दहा सेकंद काळोख आणि शांतता, मग नावं. केबल गेली असं कित्येकांना वाटलं.

माध्यमांतली चर्चा बराच काळ 'मेला की जगला' याच प्रश्नाभोवती फिरली. चाहत्यांनी शॉट मोजले. त्यांचं म्हणणं असं की घंटीनंतर टोनीची नजर, मग टोनीला दिसणारं, हा क्रम आधी नीट बसवलाय. तेव्हा शेवटच्या नजरेनंतरचा काळोख हेही टोनीला 'दिसणारं' आहे. शिवाय त्याच हंगामात आधी एका पात्राने म्हटलं होतं की मरणाऱ्याला बहुधा आवाजही ऐकू येत नसावा. हा युक्तिवाद दृश्याच्या आतून येतो, म्हणून मला तो भक्कम वाटतो. निर्विवाद मात्र नाही. २०१४ मध्ये एका लेखातून बातमी पसरली की निर्माते डेव्हिड चेस यांनी 'तो मेला नाही' असं सांगून टाकलं. लगेच चेस यांच्या बाजूने खुलासा आला की त्यांच्या बोलण्याचा विपर्यास झालाय. लांबलचक संभाषणातून एक नकार उचलला की काय होतं याचा हा नमुना.

यात पत्रकारांना सरसकट दोष देण्यात अर्थ नाही. मनोरंजनाची बातमी लिहिणाऱ्याच्या हातात पुष्कळदा पूर्ण एपिसोड नसतो. असतो तो प्रोमो, वाहिनीचं पत्रक आणि कलाकाराची इन्स्टाग्राम पोस्ट. प्रोमोत शॉटचा क्रम बदललेला असतो. विहिरीच्या दृश्यातला दिराचा चेहरा पुढच्या आठवड्यातल्या भलत्याच प्रसंगातला असू शकतो. तो प्रोमो संशय पेरण्यासाठीच कापलेला असतो, कारण दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. त्यामुळे चाहता कथेबद्दल बोलतो आणि बातमी कलाकाराच्या कराराबद्दल. 'सीआयडी'चं उदाहरण ताजं आहे. एप्रिल २०२५ मध्ये खुद्द वाहिनीनेच एसीपी प्रद्युमन गेल्याची पोस्ट टाकली. पात्राला श्रद्धांजली, त्यावर शिवाजी साटमांचा फोटो. नुसता मथळा वाचणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकावा असा मामला. पुढे पात्र परत आलं. म्हणून मथळ्यात पात्राचं नाव आहे की कलाकाराचं, हे पहिल्यांदा बघायचं.

चाहत्यांची चूक वेगळ्या जातीची असते. ते बारकाईने बघतात, पण अनेकदा कापलेलं चित्र बघतात. टीव्हीची फ्रेम आडवी, १६ बाय ९. रील उभी, ९ बाय १६. उंची तेवढीच ठेवून आडव्यातून उभी पट्टी कापली की मूळ चित्राचा जेमतेम एक तृतीयांश भाग उरतो. दोन तृतीयांश गेला. विहिरीच्या दृश्यात डाव्या कडेला उभी असलेली मोलकरीण, जिने सगळं पाहिलं, ती रीलमध्ये नसतेच. मग 'साक्षीदार कुणीच नव्हता' यावर चारशे कमेंट पडतात.

दुसरी चूक खास आपल्याकडची. साताऱ्याच्या परिसरात शूटिंग होतं तेव्हा आपण जागा ओळखतो, आणि ओळखलेल्या जागेला पुरावा मानतो. नायक मेणवलीच्या घाटावरून निघाला आणि पुढच्याच शॉटमध्ये वाईच्या ढोल्या गणपतीपाशी दिसला, तर 'मधला वेळ तो कुठे होता' असा संशय घ्यायचं कारण नाही. कथेत ते एकच गाव असतं. दोन ठिकाणं सोयीने जोडलेली असतात. कपाळावरची टिकली बदलणं, चहाचा कप भरलेला-रिकामा होणं याचंही तेच. एक प्रसंग तुकड्यातुकड्याने, कधी दोन वेगळ्या दिवशी चित्रित होतो. अशी विसंगती एकदाच दिसली तर ती चूक धरा. तीनदा दिसली आणि कॅमेरा त्यावर थांबला, तर मात्र खूण धरा.

पण इथल्या प्रेक्षकाच्या हाती एक गोष्ट आहे, जी मुंबईत बसून बातमी करणाऱ्याच्या सहज नजरेतून सुटते: बोली. घरातून निघताना आपण 'येतो' म्हणतो. लष्करात निघालेला पोरगा उंबऱ्यावर आईला 'जातो' म्हणाला, तर गावाकडच्या घरात कुणीतरी हमखास म्हणणार, 'येतो म्हण बाबा.' लेखकाने तो शब्द मुद्दाम घातला असेल तर तीच सूचना, आणि ती भाषांतरात, सबटायटलमध्ये, बातमीच्या सारांशात उरत नाही. तसंच 'व्हय' हा शब्द. सरळ म्हटला तर होकार, लांबवला तर अविश्वास, तोडून म्हटला तर धमकी. नाट्यशास्त्रात आवाजाच्या अशा वळणाला काकु म्हणतात. लिहून आलेल्या संवादात काकु दिसत नाही.

परिसराची माहिती मात्र कधी उलटीही पडते. 'देवमाणूस' ही मालिका बघताना वाई परिसरात २०१६ साली उघडकीला आलेलं, एका डॉक्टरवरच्या खुनांच्या आरोपाचं प्रकरण लोकांच्या डोक्यात होतं. त्यामुळे डॉक्टरने नुसती बॅग उघडली तरी इथल्या घरांत निकाल लागलेला असायचा. दृश्य संदिग्ध लिहिलं असलं तरी जिथे उत्तर आधीच वर्तमानपत्रात वाचलंय, तिथे ते संदिग्ध राहत नाही.

वाद सोडवायचाच असेल तर वाहिनीच्या ओटीटीवर पूर्ण एपिसोड लावा, क्लिप नको. वादाच्या शॉटच्या आधी निदान तीन मिनिटांपासून सुरुवात करा. वहीत तीन रकाने आखा: दिसलं काय, ऐकू आलं काय, मी जोडलं काय. 'पाण्यात आवाज' दुसऱ्या रकान्यात, 'वहिनी पडली' तिसऱ्यात. यूट्यूबवर कॉम्प्युटरवरून बघत असाल तर थांबवून स्वल्पविरामाच्या आणि पूर्णविरामाच्या बटणाने एकेक फ्रेम मागे-पुढे करता येते. मोबाईलवर वेग पाव पट करा. वर्णनात्मक सबटायटल असतील तर ती बंद ठेवा, कारण त्यात 'बाई पडल्याचा आवाज' असं लिहून कुणीतरी आपला निकाल आधीच घुसडलेला असतो.

आणि दुसऱ्या दिवशीचा रीकॅप चुकवू नका. बहुतेक लोक तो पुढे ढकलतात. कालच्या दृश्यातले कुठले शॉट तिथे परत घेतलेत ते बघा. दिराचा लांबवलेला चेहरा पुन्हा आला असेल तर संशय त्याच्यावर ठेवायचा आहे. चेहरा गाळून फक्त रहाट आणि दोर दाखवला असेल, तर दोराकडे बघा. तो कापलेला आहे की तुटलेला, हे त्या दीड सेकंदात बहुधा दिसतं.