प्लेस्टेशन 5 साठी तेरा महिने : माझा अनुभव

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, कळंबपासून आठ किलोमीटर आत. गावात माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, दाखले, पॅनकार्ड, हेच दिवसभराचं काम. धाकटा भाऊ पुण्यात इंजिनिअरिंगला होता. कोरोनात कॉलेज बंद पडलं आणि तो घरी आला. शाळेत असताना आम्ही दोघं यवतमाळला तासावर पैसे देऊन गेम खेळायचो. पहिला कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, दोघांच्या पैशातून घ्यायचा, हे तेव्हापासूनच ठरलेलं होतं.

सोनीचा प्लेस्टेशन 5 हा कन्सोल अमेरिका-जपानमध्ये 12 नोव्हेंबर 2020 ला आला. भारतात बुकिंग 12 जानेवारी 2021 ला दुपारी 12 वाजता उघडणार होतं आणि माल 2 फेब्रुवारीला मिळणार होता. त्याचे दोन प्रकार, गेमची डिस्क घालता येणारा आणि बिनडिस्कचा. डिस्कवाल्याची किंमत 49,990, बिनडिस्कवाल्याची 39,990. दहा हजार वाचतात म्हणून भाऊ आधी बिनडिस्कवाल्याकडे झुकला होता. पण त्यात प्रत्येक गेम डाउनलोड करावा लागतो. एकेक गेम पन्नास जीबीच्या वर आणि आमच्याकडे रोजचा दीड जीबी मोबाइल डेटा. डिस्क असली की गेम तिच्यावरूनच चढतो, शिवाय खेळून झाल्यावर डिस्क विकता येते. नवा गेम 4,999 चा होता, म्हणून ही गोष्ट लहान नाही. खेड्यात राहणाऱ्याने घ्यायचा तर डिस्कवालाच घ्यावा, असं माझं आजही ठाम मत आहे.

बाराच्या ठोक्याला पान उघडलं, कार्टमध्ये वस्तूही आली. पत्ता टाकला आणि लाल अक्षरं उमटली : या पिनकोडवर डिलिव्हरी उपलब्ध नाही. नागपूरच्या मावशीचा पत्ता टाइप करेपर्यंत माल संपला होता. सगळा खेळ काही मिनिटांचा. पिनकोड आदल्या दिवशी तपासायला हवा होता. लोकांच्या फॉर्मवर मी हीच गोष्ट रोज दोनदा तपासतो.

पुढची संधी मे महिन्यात आली. त्याच दिवसांत मी गावातल्या पोरांना कोविनवर लसीचे स्लॉट काढून देत होतो, त्यामुळे बोटं तयार होती. या वेळी मावशीचा पत्ता आधीच टाकून ठेवला. पण ओटीपी आला नाही. आमच्याकडे रेंज गच्चीवरच धरते, म्हणून भाऊ फोन घेऊन वर उभा आणि मी खाली लॅपटॉपवर. त्याने वरून आकडे ओरडून सांगितले तेव्हा वेळ संपली होती. पैसे कापले गेले, ऑर्डर मात्र लागली नाही. पैसे परत यायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही. ते दोन वर्षांच्या बचतीचे पैसे होते.

तुटवडा का होता हे पुढे वाचून कळलं. यातली मुख्य चिप एएमडी या कंपनीची, पण ती बनते तैवानच्या टीएसएमसीच्या कारखान्यात, आणि तिथेच बाकीच्या कंपन्यांच्याही रांगा. लॉकडाउनमध्ये लॅपटॉपची मागणी जगभर वाढली. गाड्यांच्या कंपन्यांनी आधी चिपांच्या ऑर्डरी रद्द केल्या, मग सगळ्या एकदम परत आल्या. त्यात मार्च 2021 मध्ये जपानमधल्या रेनेसासच्या चिप कारखान्याला आग लागली. चिपचा कारखाना उभारायला काही वर्षं जातात, त्यामुळे मागणी वाढली म्हणून माल लगेच वाढत नाही. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मंग हे त आपल्या सरकीवानीच झालं."

खरंच तसंच होतं. जूनमध्ये ज्या वाणाला मागणी असते, ते बियाणं नेमकं दुकानातून गायब होतं. 2021 मध्ये बीटी कपाशीच्या बॅगेची ठरलेली किंमत 767 रुपये होती, आणि आम्ही त्याच हंगामात हजाराच्या वर दिले. वर लिंकिंग. म्हणजे हवं ते बियाणं पाहिजे असेल तर नको असलेलं खत किंवा औषधही घ्यायचं. कृषी विभाग दरवर्षी बजावतो की लिंकिंग करू नका, तरी ते चालतं. नागपुरात एका दुकानात प्लेस्टेशन विचारला तर दुकानदार म्हणाला, "हाय ना, पण दोन गेम आन् एक जादा कंट्रोलर घ्या लागन." एकूण सत्तर हजार. एकाने बिल न देता पंचाहत्तर हजार सांगितले. भाऊ म्हणाला, "दादा, घेऊन टाकू." मी नाही म्हटलं. बियाण्याचं ब्लॅक आम्ही सोसतो, कारण पाऊस थांबत नाही. खेळण्यासाठी थांबता येतं. आणि बिल नाही म्हणजे वॉरंटीही नाही.

तेरा महिने गेले. फेब्रुवारी 2022 मध्ये पुन्हा माल येणार असं कळलं. या वेळी मी आदल्या दिवशीच नागपूरला मावशीकडे गेलो, तिच्या वायफायवर बसलो. सिमही माझ्याजवळच. पत्ता, कार्ड सगळं आधीच साठवलेलं. 12 वाजून 3 मिनिटांनी ऑर्डर लागली, 49,990 रुपयांतच. मावशीने आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग मला जेवायला वाढलं.

आठ दिवसांनी खोका तिच्याकडे पोचला. एसटीचा संप चालू होता, म्हणून भाऊ आणि मी मोटारसायकलने गेलो. येताना बुटीबोरी, वर्धा, देवळी, कळंब असा सगळा रस्ता भावाने खोका मांडीवर घट्ट धरला होता. खाली मावशीची जुनी गोधडी, वर प्लास्टिकचा कागद. देवळीला चहाला थांबलो तर तो गाडीवरून उतरलाच नाही, चहा तिथेच प्यायला.

घरी आल्यावर लगेच लावला नाही. संध्याकाळी आमच्याकडे लाइन डिम असते, मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पार खाली जातं. आधी कळंबहून स्टॅबिलायझर आणला, मगच प्लग लावला. बाबा बाजूला बसले होते. त्यांनी कंट्रोलर हातात घेतला आणि मागच्या बाजूवर अंगठा फिरवला. "हे खरखर कायची हाय?" टॉर्च मारून दाखवलं. त्रिकोण, गोल, फुली, चौकोन, अगदी बारीक, हजारोंनी. बाबा बराच वेळ बघत होते. सोबत आधीपासून असलेल्या ॲस्ट्रोज प्लेरूम या गेममध्ये पाऊस लागला तेव्हा कंट्रोलरच्या थरथरीतून थेंब हातात जाणवले. बाबांनी कंट्रोलर पुन्हा मागून घेतला.

जूनमध्ये भावाचं कॉलेज प्रत्यक्ष सुरू झालं आणि तो पुण्याला गेला. नोव्हेंबर 2022 मध्ये किंमत 54,990 झाली. नंतर माल मुबलक आला आणि जुलै 2023 मध्ये तर साडेसात हजारांची सूट लागली. बाबांनी ती जाहिरात पाहिली आणि विचारलं, "अजून थांबले असते त स्वस्तात भेटला असता ना रे?"

भेटला असता. पण तेव्हा भाऊ घरी नव्हता.