फतेहगंजातली कॉफी आणि आत्याचे जायफळ

बडोद्याला जाणाऱ्या मराठी पाहुण्याची वाट बहुधा ठरलेली असते: लक्ष्मी विलास राजवाडा, सूरसागर, दांडिया बाजारातले नातेवाईक आणि परतताना पिशवीभर चिवडा. माझीही वाट तीच होती, आणि राजवाडा पाहून डोळे निवले हे एका वाक्यात सांगून मी पुढे जाते, कारण या प्रवासात मनात घर करून राहिली ती फतेहगंज भागातली कॉफीची छोटी दुकाने, आणि त्यातही एका दुकानातली एक संध्याकाळ. मोठ्या साखळी कंपन्यांच्या कॉफीगृहांविषयी मला इथे काही सांगायचे नाही. ज्यांचा मालक स्वतः गल्ल्यावर किंवा यंत्रामागे उभा असतो, अशा दुकानांविषयी हे लिखाण आहे.

फतेहगंज हा भाग विद्यापीठाच्या अगदी लगत आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८८१ साली सुरू झालेले बडोदा कॉलेज, त्यातून १९४९ साली उभे राहिलेले महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि १९५० साली सुरू झालेली तिथली ललित कला शाखा, या सगळ्यांमुळे देशाच्या कानाकोपऱ्यातली मुले या परिसरात खोल्या घेऊन राहतात. त्यांच्या खिशाला परवडेल असे खाणे रस्त्यावरच्या लाऱ्यांवर, म्हणजे हातगाड्यांवर, रात्री उशिरापर्यंत मिळते. पूर्वी या मुलांच्या गप्पा ‘अडधी चा’ मागवून किटलीवाल्यापाशी उभ्याउभ्या होत असत, आणि त्या अजूनही होतात. परंतु तीन तास बसून एखाद्या चित्राविषयी वाद घालायचा असेल, तर डोक्यावर छप्पर आणि समोर टेबल हवे. गुजरातेत राज्य स्थापन झाल्यापासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी असल्यामुळे संध्याकाळी तरुणांनी एकत्र बसण्याची जागा म्हणजे कॉफीचे दुकान हेच समीकरण इथे स्वाभाविकपणे जुळले असावे असे मला वाटते. रात्री दहा वाजता पुण्यातली अशी दुकाने आवराआवर करू लागतात. फतेहगंजात त्या वेळी जागा मिळवण्यासाठी पायऱ्यांवर थांबावे लागते.

ही दुकाने बहुतेक जुन्या बंगल्यांच्या तळमजल्यावर किंवा इमारतींच्या मागच्या अंगाला आहेत. मी त्यांची नावे देत नाही, कारण अशा दुकानांच्या पाट्या आणि पत्ते वर्षभरातही बदलतात. विद्यापीठाच्या बाजूने आत शिरावे, गल्ल्यांमधून पायी फिरावे आणि कॉफी भाजल्याचा करपट-गोड वास येईल तिथे थांबावे, हा मार्ग मला अधिक विश्वासाचा वाटतो. आत गेल्यावर मी पहिल्यांदा फळीवरच्या पाकिटांकडे पाहते. पाकिटावर बी कोणत्या मळ्यातली आहे आणि ती कोणत्या तारखेला भाजली हे लिहिलेले असेल, तर मी निश्चिंतपणे बसते. नुसतेच ‘प्रीमियम’ असे छापलेले असेल, तर चहा मागवते. चॉकलेटचे पाक, मलईचे डोंगर आणि त्यावर बिस्किटांचा चुरा घातलेल्या थंड पेयांना कॉफी म्हणावे हे मला मान्य नाही. तसेच समोरच्या माणसाचे बोलणे ऐकू येणार नाही इतक्या मोठ्या आवाजात गाणी लावणाऱ्या दुकानात मी दुसऱ्यांदा जात नाही. फतेहगंजात हे दोन्ही प्रकार भरपूर आहेत, हे आधीच सांगितलेले बरे.

माझी आत्या दांडिया बाजारात राहते. पंचाहत्तरी ओलांडलेली आहे, पण रोज भाजीला स्वतः जाते. तिच्या घरी कॉफी होते ती आपल्या सगळ्यांच्या घरी आजवर होत आली तशी: दूध उकळत ठेवायचे, त्यात साखर आणि कॉफीची पूड घालायची, वर जायफळ किसायचे आणि साय धरू न देता पेल्यात ओतायची. एकादशीला, जागरणाला, पाहुणे निघताना ही कॉफी तिच्या हातून होतेच. मी रोज संध्याकाळी फतेहगंजात कशासाठी जाते हे तिला समजेना, म्हणून मी तिला बरोबर घेऊन निघाले.

पहिले दुकान मी दिसायला सगळ्यात देखणे म्हणून निवडले होते. आत पांढऱ्या भिंती, पितळी दिवे आणि हिरवी रोपे होती, आणि बसायला पाठ नसलेली उंच स्टुले. आत्या त्यावर चढू शकली नाही. खालच्या बाजूला एकच कोच होता, त्यावर दोन मुले संगणक उघडून बसली होती, आणि ‘आजींना बसायचे आहे’ असे त्यांना सांगायला दुकानातले कोणी पुढे आले नाही; ते मलाच सांगावे लागले, आणि मुले बिचारी लगेच उठली. मग मी पदार्थांची यादी मागितली, तेव्हा टेबलावर चिकटवलेल्या चौकोनी ठिपक्यांच्या कोडकडे बोट दाखवण्यात आले. यादी मोबाइलवर पाहायची, मागणी मोबाइलवर नोंदवायची आणि पैसेही तिथेच भरायचे. आत्याकडे बटणांचा फोन आहे. तिने विचारले, “अगं, यांच्याकडे काय काय आहे ते हा मुलगा तोंडाने नाही का सांगणार?” तो मुलगा तीन हातांवर उभा होता, त्याला मराठी कळत नसेल म्हणून तिने तेच गुजरातीत विचारले, आणि त्याने तिच्याकडे न पाहता मला इंग्रजीत उत्तर दिले की, सगळे त्या कोडमध्ये आहे. कॉफी वाईट नव्हती. पण आम्ही ती अर्धी ठेवून उठलो, आणि बाहेर आल्यावर आत्या जे बोलली ते मला फार लागले. ती म्हणाली, “तुम्हा लोकांच्या जागा या, आम्ही कशाला यायचं?” साठ वर्षे या शहरात राहिलेल्या बाईला तिच्याच शहरात परकेपणा वाटावा, याचा राग मला हे लिहितानाही येतो आहे.

तिला तशीच घरी नेणे मला पटले नाही. मागच्या गल्लीत सहा-सात टेबलांचे एक दुकान मला आधीपासून माहीत होते; तिथे दारातच लाकडी खुर्च्या आहेत, हात टेकायला जागा असलेल्या. यंत्रामागचा तरुण स्वतः मालक होता. आत्या पायरी चढताना त्याने हातातले काम बाजूला ठेवले, “बा, अहीं बेसो,” म्हणत खुर्ची पुढे केली आणि पाणी आणून ठेवले. नंतर तो समोर उभा राहून विचारू लागला, “तमने केवी कॉफी भावे?” आत्याने त्याला आपली कृती सुरुवातीपासून सांगितली, जायफळासकट. त्याने ती मन लावून ऐकली आणि मधेच दोन प्रश्न विचारले: पूड चिकोरीची असते का, आणि दूध उकळून किती वेळ ठेवता. चिकोरी ही एका रोपाची भाजून दळलेली मुळी असते आणि दाटपणा व कडवटपणा यावा म्हणून ती कॉफीत मिसळतात, हे आत्याला माहीत होते. आपल्या पुडीत ती किती असते हे तिला ठाऊक नव्हते. त्याने फळीवरून एक बाजारातली पुडी काढून तिला पाठीमागचा बारीक छापलेला आकडा वाचून दाखवला. त्यात चिकोरी ४७ टक्के होती. आत्या बराच वेळ त्या पुडीकडे पाहत राहिली.

मग त्याने तिच्यासाठी दोन लहान कप केले. दोन्हींत एकच कॉफी, चिकमगळूरकडची, जरा गडद भाजलेली. पहिल्या कपातले दूध त्याने वाफेच्या नळीने साधारण ६० ते ६५ अंशांपर्यंतच तापवले, आणि भांड्याला तळहात लावून कधी थांबायचे हे तिला दाखवले. या तापमानाला दुधाची स्वतःची गोडी जिभेला सर्वांत जास्त जाणवते. त्याच्या फार वर गेले की दुधातली प्रथिने बिघडतात आणि उकळल्याचा वास येतो, असे त्याचे म्हणणे. “उकळी आली नाही तर ती कॉफी कसली?” असे आत्याने म्हणताच, त्याने दुसऱ्या कपासाठी दूध छोट्या पातेल्यात खरोखरच उकळले. आत्याने पहिला कप साखरेशिवाय प्यायला आणि त्यात साखर नाही यावर तिचा विश्वास बसेना. तरीही तिला दुसराच कप आवडला, त्यात तिने दोन चमचे साखर घालून घेतली, आणि जायफळ नसल्याबद्दल त्याला स्पष्ट शब्दांत सांगितले. तो हसला नाही, वाद घातला नाही. जायफळ आणून ठेवतो, एवढेच म्हणाला. दोन-तीन दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा यंत्राशेजारी एका वाटीत जायफळ आणि लहानशी किसणी ठेवलेली होती.

आत्याची कॉफी होत असताना मी माझ्यासाठी गाळून केलेली काळी कॉफी मागवली होती. १५ ग्रॅम बी त्याने तिथल्या तिथे दळली, शंकूच्या आकाराच्या भांड्यात कागद घालून तो आधी गरम पाण्याने धुतला, त्यावर पूड सपाट केली आणि चोचीच्या किटलीने पूड भिजेल एवढेच पाणी सोडले. काही क्षणांत पूड तव्यावरच्या फुलक्यासारखी फुगून वर आली. भाजताना बीमध्ये कार्बन डायऑक्साइड तयार होऊन अडकून राहतो आणि गरम पाणी लागताच तो बाहेर पडतो, म्हणून कॉफी ताजी असेल तरच ती अशी फुगते. शिळी पूड नुसती ओली होते. अर्धे मिनिट थांबून त्याने उरलेले पाणी गोल धारेने घातले, एकूण २४० मिलिलिटर, आणि सगळे तीन मिनिटांत आटोपले. आत्या खुर्चीतून वाकून हे पाहत होती आणि तिने त्याला विचारले की, बाबा, हे पाणी थोडे थोडे का घालायचे, एकदम का नाही. त्याने पूड बाजूला सरकून पाणी मधल्यामध्ये कसे निसटते आणि कॉफी कशी पाणचट होते, हे एक चमचा पूड वाया घालवून तिला दाखवले. असा माणूस दुकानात असेल, तर एका कपाला २२० रुपये मोजताना माझा हात आखडत नाही.

त्या कॉफीची चव मला अजून आठवते. बी ‘एस ७९५’ या वाणाची होती. चिकमगळूर जिल्ह्यातल्या बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रात तयार झालेला हा जुना अरेबिका वाण आहे, आणि कर्नाटकातल्या मळ्यांत तो पुष्कळ ठिकाणी लावतात. देशातल्या एकूण कॉफीपैकी साधारण ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकातून येते, आणि देशात पिकणाऱ्या कॉफीचा मोठा भाग परदेशी जातो. उत्तम बी आपल्याकडे पिकायची आणि आपण मात्र चिकोरीवर समाधान मानायचे, हे बराच काळ चालत आले. ते बदलण्याचे काम या छोट्या दुकानदारांनी हाती घेतले आहे. ते महागही पडते, कारण एवढ्याशा दुकानात यंत्र, दळणी आणि भाडे यांचा खर्च निघणे कठीण असते. म्हणूनच आपण एका कपावर चार तास बसू नये, असे मला मनापासून वाटते.

बाकीची दुकाने थोडक्यात सांगते. ललित कला शाखेच्या बाजूला एक गच्चीवरचे ठिकाण आहे. तिथे कॉफी बेताची आहे, पण मुले वह्यांत समोरच्या माणसांची चित्रे काढत बसलेली असतात आणि वारा उत्तम येतो. एका ठिकाणी पितळी भांड्यातली दक्षिणी फिल्टर कॉफी मिळते आणि तिच्यासोबत मस्का बन; संध्याकाळी सहाच्या आत गेले तरच बन मिळतो. आणखी एका ठिकाणी आंध्रातल्या अराकू खोऱ्यातली कॉफी अतिशय सुरेख करतात, मात्र तिथला वातानुकूलक इतका गार असतो की शाल लागते. मधल्या दिवसांत चांपानेर-पावागड करून आलो, पाय दुखले, दर्शन झाले.

जाणाऱ्यांनी शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळावी आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास जावे. त्या वेळी मालकाला बोलायला सवड असते. दुकानदारांकडे माझे मागणे दोन गोष्टींचे आहे. एक छापील यादी, मोठ्या अक्षरांत, गुजरातीतही, गल्ल्यावर ठेवावी, आणि पाठ असलेल्या चार खुर्च्या दाराजवळ मांडाव्यात. तिसरे मागणे आत्याचे आहे. कमाटीबागेत पहाटेपासून फिरायला येणाऱ्यांत दांडिया बाजार, रावपुऱ्याकडची कितीतरी वयस्कर मंडळी असतात, आणि तिथून फतेहगंज जवळच आहे. पण मी पाहिलेली सगळी दुकाने अकरा वाजता उघडतात. त्यांपैकी एकाने सकाळी सातला दार उघडावे, निम्मी टेबले तेवढ्यावरच भरतील असे ती म्हणते, आणि मागच्या गल्लीतल्या त्या तरुणाने दिवाळीनंतर रविवारपुरते तसे करून पाहण्याचे कबूल केले आहे.