मासे वेचून भात ठेवणाऱ्या कुत्र्याला पुरं जेवण कसं खायला लावलं: माझा अनुभव

किनाऱ्यावरच्या घरांत ‘कुत्रा जेवत नाही’ म्हणतात, तेव्हा बहुधा तो माशाचे तुकडे वेचून खातो आणि भात-भाजी तशीच ठेवतो. आमच्या गावठी कुत्र्याचं तेच. वजन १५ किलो, नसबंदी झालेली, तब्येत ठणठणीत. पण बांगड्याचा वास आला नाही तर भांड्याकडे वळूनही बघायचा नाही. त्याच्या बाबतीत जे लागू पडलं ते मापासकट लिहिते.

आधी आजार नाही ना, ते पाहा. रोज नीट जेवणारा कुत्रा अचानक तोंड फिरवत असेल तर तो हट्ट नव्हे. पावसाळ्यात आपल्याकडे गोचीड फार, आणि गोचिडीच्या तापात पहिली जाते ती भूक. हिरड्या पांढुरक्या, अंग गरम, लघवी गडद दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दात आणि हिरड्याही उघडून बघा.

मासे-भातात चूक काय? काटे काढलेल्या माशात आणि चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळजवळ नाही, भातातही नाही. कुत्र्याला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच लागतं, साधारण १.२ ला १. ते मिळालं नाही की शरीर स्वतःच्या हाडांतून काढून घेतं, आणि वरून बरेच दिवस काही कळत नाही. म्हणून अंदाजपंचे घरगुती जेवण मला पटत नाही. २०१३ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या. त्यातल्या ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी निघाला.

१५ किलोच्या, बेताने हिंडणाऱ्या कुत्र्याला दिवसाला ८०० ते ८५० कॅलरी लागतात. त्याचं एका दिवसाचं माप, सगळं कच्चं वजन: बिनहाडाचं, कातडी काढलेलं चिकन २५० ग्रॅम, कोंबडीची कलेजी ३० ग्रॅम (याहून जास्त नको, अ जीवनसत्त्व साठत जातं), एक अंडं, तांदूळ ९० ग्रॅम, लाल भोपळा किंवा दुधी १०० ग्रॅम, तेल एक छोटा चमचा आणि अंड्याच्या कवचाची पूड अर्धा छोटा चमचा सपाट. या पुडीतून साधारण १ ग्रॅम कॅल्शियम मिळतं. कवचं धुऊन पाच मिनिटं उकळायची, कडकडीत वाळवून मिक्सरला लावायची आणि वस्त्रगाळ करायची. कचकच लागली तर कुत्रा भांडं सोडून जातो. एवढं करूनही जस्त, तांबं, आयोडीन, ई जीवनसत्त्व कमी पडतं. त्यासाठी कुत्र्यांसाठीची पूड डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे घ्या. माणसांच्या गोळ्या नकोत. वाढत्या पिल्लांना यातलं एकही माप लावू नका. त्यांना कॅल्शियम जास्त झालं तरी हाडं बिघडतात.

आता खायला लावायचं कसं? त्याला हवा असतो तो वास. तो एका तुकड्यात राहिला की कुत्रा तुकडा वेचतो. सगळ्या अन्नात मुरला की वेचायला काही उरत नाही. म्हणून बांगड्याची मुंडकी वीस मिनिटं उकळते, पाणी बारीक गाळणीने दोनदा गाळते आणि त्याच पाण्यात तांदूळ आणि भोपळा गुरगुट्या शिजवते. चिकन-कलेजी वेगळी शिजवून खिमा करते आणि भोपळ्यासकट सगळं हाताने कालवते. भाताचं शीत आणि चिकनचा कण वेगळा दिसता कामा नये. कवचाची पूड आणि डॉक्टरांनी दिलेली पूड अन्न कोमट झाल्यावर घालायची. वाढायचंही कोमटच; फ्रिजमधल्या गार अन्नाला वास नसतो.

आपल्या कालवणातलं काही द्यायचं नाही. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, त्यामुळे त्याचा मासा वाटण लागण्याआधीच बाजूला काढायचा.

तारली, पेडवे स्वस्त मिळाले की १०० ग्रॅम चिकन कमी करून तेवढे मासे घालते. डोकं-आतडी काढून, थोड्या पाण्यात, कुकरमध्ये मंद आचेवर पाऊण तास. काटा बोटांत चुरला पाहिजे. टोचला तर परत कुकरला. असा मऊ काटा हेही कॅल्शियमच, म्हणून त्या दिवशी कवचाची पूड थोडी कमी. कच्ची तारली देऊ नका, तिच्यातला एक घटक बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतो. शिजवल्यावर तो निकामी होतो.

जुन्या जेवणात नवीन एक चतुर्थांश मिसळून सुरुवात करा, दर दोन-तीन दिवसांनी भाग वाढवा. शी पातळ झाली तर त्याच पायरीवर थांबा. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी भांडं ठेवायचं, वीस मिनिटांनी उचलायचं, मध्ये काही नाही. धडधाकट मोठा कुत्रा एखादं जेवण चुकवतो, त्याने बिघडत नाही. पण दिवसभर पोटात काहीच नसेल तर डॉक्टर.

सगळं अडतं ते घरातल्या आणि शेजारच्या मायेवर. एका ग्लुकोज बिस्किटात २० ते २५ कॅलरी असतात. आजीच्या चहाबरोबर चार आणि शेजारच्या काकूंकडे चार झाली, की दिवसाच्या गरजेचा पाचवा हिस्सा तिथेच भरतो आणि घरचं भांडं उरतं. काकूंना थांबवण्यापेक्षा त्यांच्या हाती उकडलेल्या चिकनचे मोजलेले तुकडे द्या आणि तेवढं जेवणातून वजा करा. मोकळा सोडत असाल तर जेटीवर आणि पुळणीवर लक्ष हवं. टाकून दिलेला केंड, म्हणजे फुग्यासारखा फुगणारा मासा, विषारी असतो, आणि कुत्रे तो उचलतात.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा वासासाठी जवळा: तव्यावर कोरडा भाजून पूड करायची, भातात अर्धा चमचा पुरते. खारवलेला बांगडा मात्र नको, मीठ फार. दर पंधरा दिवसांनी वजन करा आणि बरगड्यांवरून हात फिरवा. बरगड्या हाताला लागायला हव्यात, नुसत्या बघून मोजता येऊ नयेत. त्यावरून भात दहा-दहा ग्रॅमने कमी-जास्त करा.